‘हा दगड कसला?’ : जीवाश्मांच्या हौशी शोधकांचा जुनाच प्रश्न

विहिरीच्या खोदकामात, मुरूम काढताना किंवा उन्हाळ्यात आटलेल्या नदीपात्रातून फिरताना एखादा वेगळाच दगड हाती लागतो. तो नारळासारखा गोल असतो, हाडासारखा लांबट असतो किंवा त्याच्यावर पानाफांद्यांसारखी काळी नक्षी उमटलेली असते. दगड घरी येतो, कपाटावर विराजमान होतो आणि मग कोणा जाणत्याचा शोध सुरू होतो. असे दगड पिशवीत घालून येणारे लोक महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना आणि वस्तुसंग्रहालयांना नवे नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो : ‘हा दगड कसला?’ त्यावर तज्ज्ञाचा प्रतिप्रश्नही ठरलेला असतो : ‘हा नेमका कोठे सापडला?’

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर पहिल्याचे उत्तर मिळणे फार अवघड होऊन बसते. जीवाश्म ओळखायचा म्हणजे केवळ त्याचा आकार पाहायचा नसतो. तो कोणत्या थरात होता, त्या थराच्या खाली आणि वर काय होते, शेजारी आणखी काय पडले होते, हे सारे पाहायचे असते. दगड उचलून घरी आणला की ही माहिती मागेच राहते. भारतात हौशी शोधकांनी लावलेल्या शोधांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातील यशापयश बहुतांशी या एका गोष्टीवर अवलंबून राहिलेले दिसते.

ठगांचा कर्दनकाळ आणि दोन मणके

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून विल्यम स्लीमन यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. याच स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळील बडा सिमला टेकडीवर दगड झालेली काही हाडे सापडली. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. इंग्लंडमधील शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली रूढ केला. त्यामुळे हे काय असावे, याचा अंदाज बांधणेही स्लीमन यांना शक्य नव्हते. हाडे स्पिल्सबरी नावाच्या सर्जनमार्फत कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे ते हेच प्रिन्सेप. लिपी उलगडली, हाडांचे कोडे मात्र तसेच राहिले.

पुढे १८६२ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी ती हाडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आणली आणि १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी त्यातील शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव जाहीर केले. प्रश्न विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत एकोणपन्नास वर्षे लोटली होती. कथा तेथेही संपत नाही. मूळ मणके कालांतराने संग्रहात कोठे ठेवले गेले याचा पत्ता लागेना. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले डॉ. धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांच्या प्रयत्नांमुळे २०१२ साली त्यांपैकी एक मणका कोलकात्यातील संग्रहातच पुन्हा हाती लागला. दरम्यान २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या अभ्यासकांनी दाखवून दिले होते, की लायडेकर यांनी ज्या लक्षणांवरून हे नाव दिले, ती लक्षणे नंतर सापडलेल्या अनेक डायनोसॉरांमध्येही आढळतात; सबब एवढ्या मणक्यांवरून ती एक स्वतंत्र प्रजाती मानता येत नाही. भारताच्या पहिल्या डायनोसॉरची ओळख अशी पुन्हा अनिश्चित झाली.

वरळीचे बेडूक, टाकळीचे शंख

महाराष्ट्र ही जीवाश्मांची भूमी नाही, अशी एक समजूत आहे आणि ती काही अंशी खरीही आहे. राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने, म्हणजेच काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. तप्त लाव्हात सापडलेल्या जिवाचे काही शिल्लक राहणे कठीण. परंतु हे उद्रेक सलग झाले नाहीत. दोन उद्रेकांमध्ये कधी हजारो वर्षांची विश्रांती असे. थंड झालेल्या लाव्हावर तळी साचत, गाळ बसे, झाडे वाढत, बेडूक आणि कासवे नांदत. पुढचा लाव्हा या साऱ्यावर पसरे आणि तळ्यातला गाळ दोन थरांमध्ये बंद होऊन जाई. भूशास्त्रज्ञ त्यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. जाडीने हे थर किरकोळ असतात. पण महाराष्ट्रातील जीवाश्मांचे खरे भांडार त्यांच्यातच आहे.

अशाच एका थराने मुंबईला तिचे सर्वांत जुने ज्ञात रहिवासी दिले. वरळीच्या टेकडीत सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे सांगाडे लंडनला ओवेन यांच्यापर्यंत पोचले आणि १८४७ साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तो बेडूक ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ या नावाने ओळखला जातो. याच परिसरातील एका कासवाचे वर्णन मुंबईचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली केले. त्याच्या नावात आता कार्टर आणि शोधक डॉ. लीथ या दोघांचीही नावे आहेत. दोघेही पेशाने वैद्यक व्यवसायातले. जीवाश्म हा फावल्या वेळेचा नाद. वरळीची टेकडी आता इमारतींखाली झाकली गेली आहे आणि तेथे नव्याने काही शोधणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हाच्या हौशी मंडळींनी जे उचलले आणि ज्याची नोंद केली, तेवढेच हाती आहे.

नागपूरची हकिकत अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. पुढे रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. १८५१ साली शहराच्या पश्चिमेस टाकळीजवळ फिरायला गेले असता त्यांना खडकात गोड्या पाण्यातील गोगलगाईचा एक शंख दगड झालेल्या अवस्थेत दिसला. त्या दिवसापासून दोघांना जणू वेडच लागले. शंख, बिया, फळे, लाकूड, किड्यांचे पंख, माशांचे अवशेष असे जे दिसेल ते त्यांनी गोळा केले. दोघांपैकी कोणीही व्यावसायिक भूशास्त्रज्ञ नव्हते आणि तसा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांनी पेट्या भरून विलायतेला पाठवल्या आणि ज्याचा जो विषय त्याने तो ओळखावा, अशी व्यवस्था केली. किड्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी केले, शिंपल्यांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कवचधाऱ्यांचे रूपर्ट जोन्स यांनी, वनस्पतींचे चार्ल्स बनबरी यांनी. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एक चपटी कवटी ओवेन यांच्याकडे गेली. ती बेडकांच्या दूरच्या, नामशेष झालेल्या नातलगाची निघाली आणि १८५५ साली तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव मिळाले.

या पेट्यांबरोबर एक गोष्ट न चुकता जात असे : नोंद. कोणता नमुना कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, लाव्हाच्या वर की खाली मिळाला, हे हिस्लॉप लिहून ठेवत. त्याचे महत्त्व पुढे कळले. टाकळीच्या थरांचे वय ठरवताना हिस्लॉप यांची चूक झाली होती. ते थर त्यांनी डायनोसॉरांच्या अस्तानंतरच्या काळातले मानले. पुढच्या अभ्यासात ते क्रिटेशियस काळाच्या अखेरीचे, म्हणजे डायनोसॉर अजून वावरत होते तेव्हाचे ठरले. उत्तर चुकले, परंतु जागा लिहिलेली असल्यामुळे नंतरच्या पिढ्यांना तेथे जाऊन ते दुरुस्त करता आले. १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना एका नाल्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांचे नाव नागपूरकर आज मुख्यतः महाविद्यालयामुळे घेतात. खनिजशास्त्रात मात्र ‘हिस्लोपाइट’ नावाचे खनिजही आहे.

तज्ज्ञही चुकतात

हौशी शोधकाने आणलेला दगड पाहून तज्ज्ञाने झटकन निकाल द्यावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनुभवी नजरेलाही दगड चकवतो, याची अलीकडची दोन उदाहरणे बोलकी आहेत.

पहिले गुजरातमधील ढोली डुंगरीचे. १९८४ साली डॉ. मोहबे यांना तेथे डायनोसॉरच्या अंड्यांच्या घरट्यात बारीक हाडे मिळाली. अंड्याशेजारची हाडे ती पिल्लाचीच असणार, हा निष्कर्ष स्वाभाविक होता आणि १९८७ साली तसे प्रसिद्धही झाले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यांचे लक्ष काही मणक्यांकडे गेले. त्या मणक्यांची एकमेकांत अडकणारी रचना डायनोसॉरची नव्हती. ती सापाची होती. पुढे दगडावर काळजीपूर्वक काम करून २०१० साली दोघांनी सहकाऱ्यांसह खरे चित्र मांडले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचे डायनोसॉरचे पिल्लू. बहुधा वादळात कोसळलेल्या वाळूने शिकारी आणि भक्ष्य यांना एकाच क्षणी गाडून टाकले होते. या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ असे नाव देण्यात आले. आपण सव्वीस वर्षांपूर्वी शोधलेल्या नमुन्याची ओळख बदलणाऱ्या निबंधावर मूळ शोधकाचे नाव असावे, ही गोष्ट विज्ञानातही रोज घडणारी नाही.

दुसरे उदाहरण भीमबेटकाचे. तेथील ‘सभागृह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुहेत छताजवळ एक चपटा, शिरा असलेला ठसा होता. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी तो ‘डिकिन्सोनिया’ या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा असल्याचे जाहीर केले. २०२१ साली त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली आणि भारतातील सर्वांत जुन्या प्राण्याचा पुरावा म्हणून त्याचे कौतुक झाले. फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि सहकारी नंतर तेथे गेले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ पापुद्रे सुटून गळू लागला होता. ते एका आग्या मोहोळाचे अवशेष होते. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले आणि रिटॅलॅक यांनीही चूक मान्य केली. सातपुड्यात कड्याकपारींतून मध काढणाऱ्याला कोणी तो ठसा दाखवला असता, तर कदाचित एवढा खटाटोप करावा लागला नसता!

येथेही दुरुस्ती शक्य झाली, कारण ठसा जागेवर होता आणि जागा ठाऊक होती. तोच तुकडा कोणी कापून संग्रहात नेला असता, तर मोहोळ आणखी किती वर्षे ‘प्राणी’ म्हणून मिरवले असते, हे सांगणे कठीण आहे.

गारगोटी की अंडे?

महाराष्ट्रात हौशी शोधकांना जे सापडते, त्यातले बरेचसे जीवाश्म नसते. यात निराश होण्याचे कारण नाही; पण फसवणारे दगड कोणते, हे माहीत असलेले बरे.

‘डायनोसॉरचे अंडे’ हा सर्वांत लोकप्रिय दावा. बेसाल्ट खडक झिजताना त्याचे कोपरे आधी जातात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जाऊन आत गोल गोटा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या कोणत्याही टेकडीच्या भिंतीत असे गोटे ओळीने दिसतात. लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत गारगोटी, अगेट किंवा झिओलाइट साचूनही अंडाकृती गोळे तयार होतात; फोडले तर आत स्फटिक निघतात आणि मग अंड्यात रत्ने असल्याची बातमी गावभर होते. टायटनोसॉर गटातील डायनोसॉरांची खरी अंडी साधारणतः १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची असतात. पण आकारापेक्षा कवच निर्णायक ठरते. कवच दोन-एक मिलिमीटर जाड असते, त्यावर बारीक पुटकुळ्या आणि श्वासोच्छ्वासाची छिद्रे असतात. शंका उरलीच तर कवचाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कवचाच्या स्फटिकांची पंख्यासारखी ठेवण तेथे स्पष्ट दिसते आणि ती कोणत्याही गारगोटीला साधता येत नाही. दगड झालेल्या लाकडाचीही अंतिम परीक्षा हीच. लाकडाच्या पेशींची जाळी कापात दिसली, की वाद मिटतो.

पानाफांद्यांची काळी नक्षी ही दुसरी फसगत. खडकाच्या भेगांत पाणी झिरपताना मँगॅनीजची संयुगे साचत जातात आणि हुबेहूब नेच्याच्या पानासारखी आकृती उमटते. तिला मधली शीर नसते, देठ नसतो, आणि ती भेगेच्या पृष्ठभागापुरतीच असते. तिसरी फसगत चुनखडीच्या कंकरांची. नदीकाठच्या गाळात ते बोटांसारखे, मुळांसारखे, सांध्याच्या हाडासारखे आकार घेतात. हाड ओळखण्याची भूशास्त्रज्ञांची एक जुनी, जराशी गमतीची युक्ती आहे : तुकड्याला जिभेचे टोक लावायचे. सच्छिद्र अश्मीभूत हाड जिभेला किंचित चिकटते, साधा दगड चिकटत नाही. अर्थात ही केवळ प्राथमिक चाचणी आहे. शिवाय नाल्यात मिळालेले हाड पुष्कळदा गेल्या काही वर्षांत मेलेल्या गुराचे असते, हे लक्षात घेता तिचा मोह आवरलेलाच बरा.

अंड्याच्या कवचाचे प्रत्येक तुकडे डायनोसॉरकडेच बोट दाखवतात असेही नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील एका तुकड्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली होती. त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे. म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यांचे कवच जपून ठेवणारी माणसेही होती. गोदावरीच्या गाळाने नांदूर-मधमेश्वरजवळ एका प्राचीन हत्तीचे अवशेष दिले, त्यांचे वर्णन गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली केले होते. अशा नदीकाठच्या अवशेषांचे वय कोटीत नसून हजारांत असते, आणि ओळख पटवणारा तज्ज्ञही वेगळा लागतो.

पिसदुऱ्याचे शेण आणि पाडल्याचे देव

अतिसामान्य दिसणारा दगडही किती बोलू शकतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा या गावाने दाखवले. तेथील शेतांत डायनोसॉरांच्या हाडांबरोबर दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात. दिसायला ते मातीच्या ढेकळांसारखेच असतात. नांगराला लागले तर शेतकरी बांधावर फेकून देईल असे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे विरघळवून त्यांतील सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे हे कण प्रत्येक कुळात वेगळ्या आकाराचे असतात. त्यांत गवताचे कण निघाले. गवत डायनोसॉरांच्या नंतर आले, असे तोवर मानले जात असे. ‘सायन्स’ नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने गवताचा इतिहास मागे ढकलला. पिसदुऱ्याचा गोळा ‘कोठून तरी आणलेला’ असता, तर या दाव्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात, शालेय शिक्षक असलेल्या विशाल वर्मा यांनी अशीच चिकाटी दाखवली. २००७ साली त्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हाती डायनोसॉरची अंडी लागल्याच्या बातम्या आल्या. वर्मा तेथेच थांबले नाहीत. त्यांनी विद्यापीठांतील अभ्यासकांना जागा दाखवल्या, त्यांच्याबरोबर काम केले. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठातील हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आदींनी त्या परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा लेखकांत वर्मा यांचेही नाव होते. त्याआधी, २०२२ साली, याच जिल्ह्यातील पाडल्या गावाजवळ मिळालेल्या एका अंड्याच्या आत दुसरे अंडे असल्याचे याच चमूने दाखवले होते. अशी विकृती पक्ष्यांत आढळते. डायनोसॉरमध्ये ती प्रथमच दिसली.

पाडल्या गाव डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बातम्यांत आले. गावातील काही कुटुंबे शेताचे आणि गुरांचे रक्षण करणारा देव म्हणून ज्या गोल दगडांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या करीत होती, ते दगड तज्ज्ञांच्या मते डायनोसॉरची अंडी असल्याचे वृत्त होते. शहरी वाचकांनी त्यावर बरीच करमणूक करून घेतली. ती अनाठायी होती. पंचायतनात शाळिग्राम असलेली घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत. गंडकी नदीतून येणारा चक्रांकित शाळिग्राम हा अमोनाइट या समुद्रजीवाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीवाश्मच आहे. एका अर्थी पाडल्याच्या गावकऱ्यांनी जे केले ते अनेक संग्राहकांना जमत नाही : त्यांनी दगड गावाबाहेर जाऊ दिले नाहीत. तज्ज्ञ आले, तेव्हा ते आपल्या मूळ परिसरातच होते.

परदेशातील दोन नावे

इंग्लंड-अमेरिकेत हौशी संग्राहकांची परंपरा जुनी आणि संघटित आहे. १९८३ साली सरे परगण्यातील मातीच्या खाणीत विल्यम वॉकर या प्लंबरला एक भलामोठा नखाचा जीवाश्म मिळाला. तो लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पोचला. संग्रहालयाचे शास्त्रज्ञ वॉकर यांनी दाखवलेल्या जागी गेले आणि तेथून सांगाड्याचा बराच मोठा भाग बाहेर निघाला. पोटाच्या भागात माशांचे खवले होते. मासे खाणारा हा डायनोसॉर १९८६ साली ‘बॅरिऑनिक्स वॉकेरी’ झाला. नुसत्या नखावरून एवढे कळले नसते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील फ्रान्सिस टुली यांचे नशीब अधिक विचित्र. खाणीच्या मातीतील लोहयुक्त गोळे फोडण्याचा त्यांना छंद होता. १९५० च्या दशकात एका गोळ्यातून सोंडेसारखा लांब जबडा आणि आडव्या दांड्यावर डोळे असलेला प्राणी निघाला. टुली तो शिकागोच्या फील्ड संग्रहालयात घेऊन गेले. तेथील तज्ज्ञांनाही तो ओळखता आला नाही. १९६६ साली यूजीन रिचर्डसन यांनी त्याला टुली यांचेच नाव दिले, १९८९ साली तो राज्याचा अधिकृत जीवाश्म ठरला. २०१६ मध्ये दोन गटांनी तो पाठीचा कणा असलेला प्राणी असल्याचे सांगितले, पुढच्याच वर्षी इतरांनी ते खोडून काढले, आणि २०२३ मध्ये जपानी अभ्यासकांनी दीडशेहून अधिक नमुन्यांचे त्रिमिती चित्रण करून तो कणाधारी नसल्याचा निर्वाळा दिला. मग तो आहे तरी कोण? टुली यांचा मूळ प्रश्न अद्याप खुला आहे.

सापडले तर काय करावे?

दगड दिसताच तो उचलण्याची किंवा खणून काढण्याची घाई करू नये, हे सर्वांत आधी. आहे त्या स्थितीत, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून, जवळून आणि दुरून छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, ते टिपावेत. गावाचे नाव, शेताचा किंवा नाल्याचा उल्लेख, दगड सुटा पडला होता की थरात रुतला होता, थराचा रंग कोणता, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवड्याने आठवणीत भर पडू लागते. सुटा तुकडा उचलावाच लागला, तर तो कागदात गुंडाळून आत चिठ्ठी ठेवावी. घासणे, तेल लावणे, आम्ल टाकून पाहणे, रंगवणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. तुटलेल्या तुकड्याला गोंद लावू नये. अंड्याचे कवच किंवा हाडाची छिद्रे त्याने बुजतात. शेत खासगी असेल तर मालकाची, वनक्षेत्र असेल तर वनखात्याची परवानगी हवी.

ओळख पटवण्यासाठी विदर्भात नागपूरचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालय जवळचे. पश्चिम महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालत आले आहे. नदीकाठचे प्राण्यांचे अवशेष असतील तर डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग अधिक उपयोगी पडतो. प्राचीन वनस्पतींसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे. छायाचित्रे आणि जागेची नोंद आधी पाठवली, तर दगड घेऊन प्रवास करण्याची गरज आहे की नाही हे तेथूनच कळू शकते. ‘ही गारगोटी आहे’ असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी. बहुतेकदा तेच येते.

विक्रीच्या मोहाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. जीवाश्मांना परदेशी बाजारात मागणी असते आणि बाजारात गेलेला नमुना आपला पत्ता हरवून बसतो. सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोने १९७० साली केलेल्या करारात पुराजीवविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तूंचाही समावेश आहे आणि भारताने १९७७ साली तो मान्य केला. देशांतर्गत संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर सूचना मागवल्या होत्या. जीवाश्म असलेल्या जमिनी ताब्यात घेण्याचे अधिकार कोणाला असावेत, यावर त्या मसुद्यावर आक्षेपही आले. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधम येथे अश्मीभूत वृक्षांचे खोड जेथल्या तेथे राखून जीवाश्म उद्यान करण्यात आले. पिसदुऱ्यात मात्र दरवर्षी पावसाने माती धुपते, नांगर फिरतो आणि नवे गोळे वर येत राहतात.